रोमन चांदीचं नाणं वाचायचं कसं? नवख्यांसाठी डिनेरियसची ओळख

रोमन नाण्यांच्या नादाला नवीन लागलेला माणूस पहिल्यांदा विचारतो की याची किंमत किती. माझं म्हणणं असं की आधी नाणं वाचायला शिका, किंमत नंतर बघू. हे दिसतं तेवढं अवघड नाही. लॅटिन यायची गरज नाही, इतिहासाची डिग्री लागत नाही, एक भिंग, ग्रॅमच्या शतांशापर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि थोडा पेशन्स एवढ्यावर काम भागतं. दहा-बारा अक्षरसमूह आणि तेवढीच चित्रं ओळखता आली की 1800 वर्षांपूर्वीचं नाणं नेमकं कुठल्या वर्षी पाडलं हेसुद्धा कित्येकदा सांगता येतं. आपल्याकडच्या जुन्या नाण्यांवर साल शोधताना जीव जातो, तसं इथे होत नाही.

आपण बोलणार आहोत ते मुख्यतः डिनेरियस या नाण्याबद्दल. इसवी सनपूर्व 211 च्या सुमाराला, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी लढाई चालू असताना रोमने हे नाणं सुरू केलं आणि पुढची जवळजवळ साडेचारशे वर्षं रोमचा व्यवहार याच्यावर चालला. 25 डिनेरियसचा एक सोन्याचा ऑरियस, आणि एका डिनेरियसचे चार सेस्टर्शियस, हे गणित लक्षात ठेवा, वाचताना सारखं लागतं. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला 225 डिनेरियस पगार होता, म्हणजे हे नाणं सगळ्यात जास्त कोणाच्या हातात जायचं तर सैनिकाच्या. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढे चित्रांचा अर्थ लावताना हीच किल्ली आहे.

पायरी 1: आधी नुसतं हातात घ्या

अक्षरांकडे लगेच धावू नका. डिनेरियस साधारण 17 ते 20 मिलिमीटरचा असतो, आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा लहानच. वजन सुरुवातीला साडेचार ग्रॅमच्या आसपास, मग बराच काळ 3.9 च्या जवळ, आणि इसवी सन 64 मध्ये सम्राट नीरोने ते कमी केल्यावर 3.4 किंवा त्याहून थोडं खाली. झिजलेलं नाणं अजून हलकं भरतं. कडा गोल नसेल, चित्र एका बाजूला सरकलेलं असेल, एखादं अक्षर नाण्याच्या बाहेर गेलेलं असेल तर दचकू नका, हे हाताने पाडलेलं नाणं आहे. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा, एवढीच मशिनरी. इसवी सनपूर्व 46 मध्ये टायटस कॅरिसियस नावाच्या टांकसाळ अधिकाऱ्याने काढलेल्या एका डिनेरियसवर ही हत्यारंच दाखवलीत, ऐरण, चिमटा, हातोडा, आणि पुढच्या बाजूला जूनो मोनेटा देवी जिच्या देवळाशी रोमची टांकसाळ होती. टांकसाळीतल्या लोकांनी आपलंच काम नाण्यावर कोरलं, मला हे नाणं फार आवडतं.

काही जुन्या नाण्यांची कडा करवतीसारखी दातेरी दिसेल, ती कोणी नंतर खराब केलेली नाही, पाडायच्या आधीच चकतीला खाचा मारायचे. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की जर्मन टोळ्यांना ही दातेरी नाणी पसंत होती. काहींवर बारीक ठोकलेल्या खुणा असतात, त्या सराफांच्या परीक्षेच्या, आपल्याकडच्या आहत (ठसे ठोकलेल्या प्राचीन) नाण्यांवरही अशा खुणा सापडतात.

पायरी 2: चेहरा बघा, डोक्यावर काय आहे ते बघा

सुरुवातीच्या डिनेरियसवर माणसाचा चेहरा नसतोच. छाप्याच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे दोन घोडेस्वार जुळे भाऊ (कॅस्टर आणि पोलक्स) भाले घेऊन दौडताहेत, खाली रोमा हे नाव. रोमा देवीच्या मागे एक्स असं अक्षर दिसलं तर तो 10 चा आकडा, म्हणजे हे नाणं 10 ॲस या तांब्याच्या नाण्यांएवढं.

मग हळूहळू टांकसाळीचे तीन अधिकारी आपापल्या घराण्याच्या गोष्टी नाण्यावर आणायला लागले, कुणाच्या आजोबांनी लढाई जिंकली, कुणाच्या पूर्वजांनी देऊळ बांधलं, असं सगळं. तरीही जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या टांकसाळीत चालत नव्हता, आणि तो पायंडा मोडला ज्युलियस सीझरने, इसवी सनपूर्व 44 च्या सुरुवातीला, खून होण्याच्या काही आठवडे आधी. त्या नाण्यावर तहहयात हुकूमशहा असं स्पष्ट लिहिलंय. लोकांच्या खिशात अशी नाणी खुळखुळत होती हे लक्षात घेतलं की त्याच्यावर एवढा राग का होता ते जास्त नीट कळतं.

सम्राटांच्या काळात ओळख सोपी होते. डोक्यावर तमालपत्रांचा (लॉरेलचा) मुकुट म्हणजे सम्राट. उघडं डोकं असेल तर बहुतेकदा वारस. सूर्यकिरणांसारखा टोकेरी मुकुट चांदीच्या नाण्यावर दिसला तर थांबा, तो डिनेरियस नाही, कॅराकॅलाने 215 मध्ये काढलेलं मोठं नाणं आहे ज्याला आज अँटोनिनियानस म्हणतात, आणि त्याच नाण्यावर राणी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर असते. चेहऱ्यांची सवय पटकन होते, मोठं टक्कल आणि जाड मान म्हणजे व्हेस्पासियन, आकड्यासारखं नाक म्हणजे नर्व्हा, आणि पहिला ठसठशीत दाढीवाला सम्राट म्हणजे हेड्रियन, त्याच्यानंतर दाढीची फॅशनच पडली. राण्यांच्या बाबतीत केस बघा. ज्युलिया डोम्नाचे टोपासारखे जाड लाटांचे केस एकदा बघितले की परत चुकायचं नाही.

पायरी 3: अक्षरं

इथे लोक घाबरतात, विनाकारण. अक्षरं सहसा खाली डावीकडून सुरू होतात आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, यू लिहायचा असेल तरी व्ही कोरतात, आणि जवळपास सगळं शॉर्टफॉर्ममध्ये. हे एवढे पाठ करा:

आय-एम-पी म्हणजे इम्पेराटर, सेनापती-सम्राट. सी-ए-ई-एस म्हणजे सीझर. ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस. ही दोन्ही नावं पुढे सम्राटांच्या पदव्या झाली. पी-एम म्हणजे पोंतिफेक्स मॅक्सिमस, मुख्य पुरोहित. टी-आर-पी म्हणजे ट्रिब्यूनचा (जनतेच्या प्रतिनिधीचा) अधिकार, हा दरवर्षी नव्याने मोजतात. सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल, रोममधलं एक वरचं सरकारी पद. पी-पी म्हणजे राष्ट्रपिता. डी-आय-व्ही-व्ही-एस (बाई असेल तर डी-आय-व्ही-ए) म्हणजे मेल्यावर देव झालेला.

आता एक नाणं पूर्ण वाचून दाखवतो. ट्रेजनचं एक डिनेरियस, बाजारात नेहमी दिसणारं. छाप्याच्या बाजूला चेहऱ्याभोवती असं आहे: आय-एम-पी, मग त्राइआनो, मग ए-व्ही-जी, जी-ई-आर, डी-ए-सी, पी-एम, टी-आर-पी. सम्राट ट्रेजन, ऑगस्टस, जर्मनांना जिंकणारा, डेशियन लोकांना जिंकणारा, मुख्य पुरोहित, ट्रिब्यूनचा अधिकार असलेला. नावाच्या शेवटी ओ आलाय कारण वाक्य "ट्रेजनला" असं आहे, म्हणजे नाणं त्याला अर्पण केलंय. कोणी? ते मागे लिहिलंय. सी-ओ-एस-व्ही, पी-पी, मग एस-पी-क्यू-आर, मग ऑप्टिमो प्रिन्क. पाचव्यांदा कॉन्सल, राष्ट्रपिता, रोमची सिनेट आणि जनता यांच्याकडून, सर्वोत्तम राज्यकर्त्याला. आता तारीख काढा: ट्रेजन पाचव्यांदा कॉन्सल झाला 103 मध्ये आणि सहाव्यांदा 112 मध्ये, म्हणजे नाणं 103 ते 111 या काळातलंच. आणि मध्ये चित्र काय, तर ढालींच्या ढिगावर बसून शोक करणारी डेशियाची आकृती. डेशिया म्हणजे आजचा रुमानिया, तिथली लढाई 106 मध्ये संपली. म्हणजे अक्षरं आणि चित्र दोन्ही एकच गोष्ट सांगतायत.

टी-आर-पीच्या पुढे आकडा असेल तर मजाच, वर्ष थेट मिळतं. सेव्हरस अलेक्झांडर 222 मध्ये गादीवर आला, त्याच्या नाण्यावर टी-आर-पी व्ही-आय म्हणजे सहावं वर्ष, सरळ 227. ही मोजणी प्रत्येक सम्राटाची वेगळी असते तेव्हा तक्ता जवळ ठेवा.

पायरी 4: मागची बाजू, सगळा जीव इथे आहे

मागच्या बाजूला बहुतेक वेळा एक बाई उभी किंवा बसलेली असते आणि नवख्याला सगळ्या सारख्याच वाटतात. चेहऱ्याकडे बघूच नका, हातात काय आहे ते बघा. आपल्याकडे मूर्ती ओळखताना आयुधं बघतो ना, वीणा दिसली की सरस्वती, तीच पद्धत इथे चालते. हातात तराजू म्हणजे इक्विटास, चोख व्यवहार. सुकाणू म्हणजे फॉर्च्युना, नशीब. ऑलिव्हची फांदी म्हणजे पॅक्स, शांतता. सापाला वाटीतून खाऊ घालत असेल तर सालुस, आरोग्य. एका हाताने घोळ किंचित उचलून दुसऱ्या हातात फूल धरलेली ती स्पेस, आशा. धान्याचं माप आणि कणसं म्हणजे ॲनोना, शहराचा धान्यपुरवठा. टोकदार टोपी हातात घेतलेली लिबर्टास, कारण गुलामाला मोकळं केलं की त्याला ती टोपी घालायला मिळायची. पंख असतील तर व्हिक्टोरिया, ही सगळ्यात जास्त भेटते.

ओळखल्यावर खरा प्रश्न विचारायचा: हे आत्ताच का छापलं? टीव्ही नाही, पेपर नाही, सरकारचं म्हणणं कोट्यवधी लोकांच्या हातात पोचवायचं तर नाणं हाच रस्ता. आणि माझा अनुभव असा की ज्या गोष्टीचा सगळ्यात मोठ्याने उच्चार केलाय, तीच गोष्ट बऱ्याचदा त्या घडीला धोक्यात असते. नर्व्हाचं उदाहरण घ्या. 96 ते 98 एवढीच त्याची कारकीर्द, म्हातारा, सैन्यात वजन नाही, आणि त्याच्या नाण्यांवर दोन हात एकमेकांत घट्ट धरलेले आणि भोवती "सैन्यांची एकजूट" असं लिहिलेलं. त्याच काळात, 97 मध्ये, त्याच्याच अंगरक्षक दलाने त्याला राजवाड्यात घेरून आपल्या मागण्या पदरात पाडून घेतल्या. तिसऱ्या शतकात "सैनिकांची निष्ठा" असं लिहिलेली नाणी ढिगाने येतात आणि तेव्हा सैनिक सम्राट मारत सुटले होते. म्हणून नाण्यावर लिहिलंय ते खरं मानू नका, ते कोणाला पटवायचं होतं याचा विचार करा, आणि पगार कोण घेत होतं ते वर सांगितलंच आहे.

हेड्रियनची नाणी मात्र वेगळ्याच मूडची. हा गडी साम्राज्यभर फिरला आणि त्याच्या शेवटच्या वर्षांत प्रांतांची एक सिरीज निघाली, इजिप्त आडवी रेललेली, हातात सिस्ट्रम नावाचं खुळखुळ्यासारखं वाद्य आणि पुढ्यात आयबिस पक्षी, स्पेनच्या शेजारी चक्क ससा, आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीच्या सोंडेचं शिरस्त्राण आणि हातात विंचू. व्हेस्पासियनच्या नाण्यांवर यहुदी स्त्री विजयचिन्हाखाली रडताना दाखवली होती, ट्रेजनने डेशियाला तसंच बसवलं, आणि हेड्रियनकडे प्रांत ऐटीत बसलेत. ही तीन नाणी शेजारी ठेवली की राज्य चालवण्याची पद्धत कशी बदलली ते डोळ्यांनी दिसतं, म्हणून मी नवीन माणसाला नेहमी हे तिघे एकत्र बघायला सांगतो.

दोन प्रसिद्ध नाणी माहीत असायलाच हवीत. एक ब्रूटसचं, सीझरच्या खुनानंतर त्याने आपल्या सैन्यासाठी इसवी सनपूर्व 43-42 मध्ये पाडलेलं. मागे दोन खंजीर, मधे ती स्वातंत्र्याची टोपी, खाली "मार्चच्या इडस" (म्हणजे 15 मार्च) ही खुनाची तारीख. पुढच्या बाजूला ब्रूटसचा स्वतःचाच चेहरा, ज्या गोष्टीसाठी सीझरला मारलं तीच यानेही केली. इतिहासकार कॅसियस डियोने या नाण्याचं वर्णन केलंय, म्हणजे पुरातन काळीही ते गाजलेलं होतं. दुसरं मार्क अँटनीचं, इसवी सनपूर्व 32-31 मधलं, एका बाजूला वल्ह्यांचं लढाऊ जहाज, दुसऱ्या बाजूला सैन्याचा गरुडध्वज दोन निशाणांच्या मध्ये आणि खाली पलटणीचा नंबर. यात चांदीचा कस जरा कमी होता, त्यामुळे लोक चांगली नाणी दडवून ठेवायचे आणि हीच बाजारात पुढे ढकलायचे, म्हणून दीडशे-दोनशे वर्षांनंतरच्या ठेव्यांतसुद्धा ही पार गुळगुळीत झालेली सापडतात. कमी बजेटमध्ये इतिहासातलं मोठं नाव हवं असेल तर झिजलेलं अँटनी नाणं उत्तम.

पायरी 5: भारताशी असलेला धागा

हा भाग आपल्यासाठी खास. रोमन लेखक प्लिनी लिहितो की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली की बदलून घेताना फायदा होतो असं सांगितलंय, आणि त्याच पुस्तकात पैठण, तेर आणि कल्याणही आहे. भारतात, विशेषतः दक्षिणेत, जे चांदीचे ठेवे सापडले त्यात दोन प्रकार भरपूर आहेत. पहिला ऑगस्टसचा, मागे त्याचे नातू-दत्तकपुत्र गायस आणि लुशियस ढाली-भाले घेऊन उभे. दुसरा टायबेरियसचा, मागे खुर्चीत बसलेली स्त्री आणि पोंतिफ मॅक्सिम ही अक्षरं, बायबलमधली कैसराच्या नाण्याची गोष्ट परंपरेने याच नाण्याशी जोडतात. नवख्याने भारतातल्या सापडीबद्दल वाचायला घेतलं की हीच दोन पुन्हा पुन्हा भेटतात, तेव्हा ओळखायला शिकाच. नीरोने कस उतरवल्यावर इथल्या व्यापाऱ्यांना जुनीच चांदी पसंत होती असं बरेच अभ्यासक मानतात. त्यांच्या स्थानिक नकलाही निघाल्या, अक्षरं नुसत्या रेघोट्या झालेली, ती बघायला फार गोड वाटतात.

आणि नहपान क्षत्रपाची चांदीची नाणी एकदा बघाच. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा ठेवा सापडला, बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे मारून पुन्हा चलनात आणलेली. राजाचा बाजूने दिसणारा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, हा थाट परदेशी नाण्यांचा आहे. डिनेरियस वाचायला शिकलेल्या माणसाला हे नाणं हातात घेतल्यावर कुठून सुरुवात करायची ते आपोआप कळतं.

पायरी 6: चांदी किती आणि खरं की खोटं

ऑगस्टसच्या वेळी चांदी जवळजवळ शुद्ध. नीरोने 64 मध्ये हीण घातलं, सेप्टिमियस सेव्हरसच्या काळात 194-195 च्या सुमाराला चांदी निम्म्याच्या आसपास आली, आणि 270 च्या सुमाराला अँटोनिनियानस म्हणजे चांदीचा मुलामा दिलेलं तांबंच. कारण सरळ आहे, पगार वाढत गेले, सीमेवर लढाया वाढत गेल्या आणि खाणीतली चांदी काही तेवढी वाढली नाही. त्यामुळे तिसऱ्या शतकातलं नाणं काळपट तपकिरी दिसलं म्हणून नकली समजू नका.

नकली ओळखायचं तर आधी कड बघा. ओतून केलेल्या नकलेला कडेवर घासलेली शिवण असते, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि अक्षरं साबण वितळल्यासारखी मऊ दिसतात. खऱ्या नाण्यात ठोकताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, भिंगातून अक्षरांच्या आसपास तशा बारीक रेषा दिसतात. वजन फारच बाहेर असेल तर शंका घ्या. लोहचुंबकाला चिकटलं तर विषय संपला. एकाच विक्रेत्याकडे एकाच जागी तशीच चीर असलेली दोन नाणी दिसली तरी विषय संपला. आणि एक प्रकार मात्र जुना असूनही खोटा आहे, आत तांबं आणि वरून चांदीचा पत्रा, याला फूरे म्हणतात, त्याच काळातल्या लबाडांचं काम, कुठेतरी पत्रा उचकटून हिरवट तांबं दिसतं. काही लोक मुद्दाम हीच गोळा करतात.

पायरी 7: सराव, मग खरेदी

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचे दोन फुकट ऑनलाइन डेटाबेस आहेत, सम्राटांच्या नाण्यांसाठी ओसीआरई आणि त्याआधीच्या प्रजासत्ताकासाठी सीआरआरओ. रोज एक नाणं उघडायचं, खालचं वर्णन हाताने झाकायचं, स्वतः वाचायचं, मग पडताळायचं. महिनाभरात हात बसतो. प्रत्यक्ष बघायचं तर चेन्नईचं एग्मोर म्युझियम रोमन नाण्यांसाठी चांगलं, आणि नाणकशास्त्राची गोडी लागली असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणी संशोधन संस्थेचं म्युझियम आहे, तिथे भारतीय नाणी व्यवस्थित मांडलीत, तुलना करायला उपयोगी.

पहिली खरेदी अँटोनायनस पायस किंवा सेव्हरस अलेक्झांडरच्या डिनेरियसची करा, भरपूर मिळतात, अक्षरं ठळक असतात, किंमत आवाक्यात असते. सीझर, ब्रूटस वगैरेंच्या मागे सुरुवातीलाच लागू नका, नकलाही त्यांच्याच जास्त निघतात. नाणं आलं कुठून याचा कागद मागाच. ब्रूटसच्याच त्या नाण्याचा एक सोन्याचा नमुना 2020 मध्ये लिलावात विक्रमी किमतीला गेला, पुढे त्याचा मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि 2023 मध्ये तो ग्रीसला परत करावा लागला. आपल्याकडे 100 वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात, 1972 च्या कायद्याने ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि विकणाऱ्याकडे लायसन्स लागतं, तेव्हा तेही विचारा. शेतात, विहीर खणताना काही सापडलं तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला कळवायचं असतं, सोनाराकडे नेऊन वितळवलं तर नाणंही गेलं आणि ते कुठल्या थरात, कशासोबत होतं ही माहितीही गेली.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, टूथपेस्ट, चांदीची पावडर, काही म्हणजे काही लावायचं नाही. काळसर झाक आहे ती तशीच राहू द्या. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो, ॲसिडमुक्त कागदी पाकीट घ्या आणि पेन्सिलीने त्यावर सम्राट, दोन्ही बाजूंची अक्षरं, चित्र, वजन, व्यास, कोणाकडून कधी घेतलं आणि ओसीआरईवरचा नंबर लिहा.